तालुक्याच्या कॉलेजातून फ्युजनचं सिम्युलेशन: कुठून सुरुवात करावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. फ्युजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं, आणि टोकामॅक म्हणजे त्यासाठीचं कड्याच्या आकाराचं चुंबकी यंत्र. टोकामॅक सोडून फ्युजनचे जे दुसरे मार्ग आहेत, म्हणजे फ्युजर, पॉलीवेल, एफआरसी, झेड-पिंच, त्यातला कोणता खरोखर वीज देऊ शकेल? या कामाला पैसा कोण देतं आणि आपल्याकडे तो मिळेल का? आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या पोरांकडून कॉलेजच्या साध्या कॉम्प्युटरवर यातलं काही सिम्युलेशन करून घेता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठाम हो असं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही सिम्युलेशनच्या पहिल्या पायरीतूनच निघू लागतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. पैशाचं मध्ये बघू.

सर, ती पायरी म्हणजे एक्सेलची एक शीट. यंत्र कोणतंही असो, पोरांना आधी एक घनमीटर प्लाझ्माचा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापलेल्या वायूचा, जमाखर्च मांडायला लावा. ड्युटेरियम आणि ट्रिटियम, ही हायड्रोजनची जड रूपं, निम्मे-निम्मे, घनमीटरला १० चा २० वा घात इतके आयन, तापमान १० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे सुमारे ११.६ कोटी अंश. या तापमानाला अभिक्रियेचा दर येतो साधारण १.१ गुणिले १० चा उणे २२ वा घात घनमीटर प्रति सेकंद. एका अभिक्रियेतून १७.६ एमईव्ही ऊर्जा (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही). गुणाकार केला की घनमीटरमागे पावणेआठ लाख वॅट होतात. पण त्यातले १४.१ एमईव्ही घेऊन न्यूट्रॉन थेट भिंतीकडे जातो. प्लाझ्मा गरम ठेवायला उरतो तो ३.५ एमईव्हीचा अल्फा कण, म्हणजे पाचवा हिस्सा, दीड लाख वॅटच्या थोडं वर. त्यातून इलेक्ट्रॉन वळताना निघणाऱ्या क्ष-किरणांत, म्हणजे ब्रेम्सस्ट्रालुंगमध्ये, सुमारे १७ हजार वॅट जातात. प्लाझ्मात साठलेली उष्णता आहे ४.८ लाख ज्यूल. भागाकार करा: ही उष्णता किमान साडेतीन सेकंद टिकली पाहिजे, तरच आग स्वतःची स्वतः जळते. लॉसनचा निकष तो हाच.

शीटमध्ये उत्तर तीन ते चार सेकंदांच्या बाहेर गेलं, तर चूक बहुतेक दोनच ठिकाणी सापडते. एक म्हणजे केईव्हीचे ज्यूल करताना हजाराचा गुणक सुटतो. दुसरी म्हणजे दोन इंधनं निम्मी-निम्मी असल्यामुळे येणारा एक-चतुर्थांश विसरला जातो.

आता याच शीटमध्ये इंधन बदलून पाहा. पर्यायी फ्युजनचं अर्धं भवितव्य इथेच कळतं. टॉड रायडर यांनी १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रबंधात हा हिशेब बारकाईने मांडला. फ्युजनची ऊर्जा आणि ब्रेम्सस्ट्रालुंगमध्ये जाणारी ऊर्जा यांचं जास्तीत जास्त गुणोत्तर ड्युटेरियम-ट्रिटियमसाठी सुमारे १४०, ड्युटेरियम-हेलियम-३ साठी ५.३, ड्युटेरियम-ड्युटेरियमसाठी २.९ आणि प्रोटॉन-बोरॉनसाठी ०.५७ येतं. प्रोटॉन-बोरॉनचं आकर्षण समजण्यासारखं आहे. मुख्य अभिक्रियेत न्यूट्रॉन नाही, तीन अल्फा कण आणि ८.७ एमईव्ही. पण तापमान शेकड्यांनी केईव्ही लागतं, आणि बोरॉनचे पाच प्रोटॉन इलेक्ट्रॉनांना जोरात वळवतात. २०१९ मध्ये नव्या मोजमापांवरून केलेल्या गणितात हे गुणोत्तर एकच्या किंचित वर सरकलं. तरी ते काठावरच आहे. भिंतीतून, चुंबकांतून, टर्बाइनमधून होणारी गळती त्यात अजून धरलेलीच नाही. म्हणून कुणी "बोरॉनवर चालणारा स्वस्त रिॲक्टर" असं म्हटलं, की इलेक्ट्रॉनांचं तापमान आयनांपेक्षा खाली कसं ठेवणार आणि त्याला किती ऊर्जा लागेल, हे आधी विचारायचं.

फ्युजरचा हिशेब याहून सोपा आहे आणि पोरांना तो मनापासून आवडतो, कारण यंत्र दिसायला सुटसुटीत: निर्वात भांडं, मधे तारेची जाळी, जाळीवर उणे ४० किलोव्होल्ट, तिच्या ओढीने ड्युटेरियमचे आयन आत धावतात. चांगला हौशी फ्युजर ४० किलोव्होल्ट आणि १० मिलिअँपिअरवर, म्हणजे ४०० वॅट घेऊन, सेकंदाला दहा लाखांच्या आसपास न्यूट्रॉन देतो. त्याची फ्युजन ऊर्जा होते सव्वा मायक्रोवॅटसुद्धा नाही. का? भांड्यात १ पास्कल वायू आहे. त्यात २० केईव्हीचा ड्युटेरॉन, म्हणजे ड्युटेरियमचा केंद्रक, सरासरी ५ सेंटिमीटर गेला की वायूच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन उचलतो आणि उदासीन होऊन भिंतीवर आदळतो. या इलेक्ट्रॉन-अदलाबदलीचा काटछेद, म्हणजे ती घडण्याची शक्यता दाखवणारं क्षेत्रफळ, सुमारे ८० कोटी बार्न (बार्न हे त्याचं एकक), आणि त्याच ऊर्जेला फ्युजनचा काटछेद एका बार्नच्या हजाराव्या भागाहून कमी. एका फ्युजनमागे लाख कोटींहून जास्त अदलाबदली होतात. जाळीची तार कितीही बारीक केली, व्होल्टेज थोडं वाढवलं, तरी बारा शून्यांची ही दरी भरत नाही. शेताला पाणी किती मिळालं हे मोटारीच्या हॉर्सपॉवरवरून कळत नाही, बांध किती ठिकाणी फुटलाय हे बघावं लागतं. फ्युजनमध्येही तेच: गरम करणं जमतं, गळती थांबवणं जमत नाही. न्यूट्रॉनचा छोटा स्रोत म्हणून फ्युजर उत्तम आहे. आसामात सोनापूरला प्लाझ्मा भौतिकी केंद्रात त्याच अंगाने काम चालतं. वीज हे त्याचं काम नाही.

पॉलीवेलमध्ये रॉबर्ट बुसार्ड यांनी तारेची जाळी काढून तिच्या जागी घनाच्या सहा बाजूंवर सहा कॉइल ठेवल्या. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन अडकावेत आणि त्यांच्या ऋणभाराने आयन आत ओढले जावेत, अशी कल्पना. अमेरिकन नौदलाने अनेक वर्षं पैसा दिला. २००५ मधल्या यंत्राचे न्यूट्रॉन हाताच्या बोटांवर मोजावेत इतके होते. २००७ मध्ये बुसार्ड गेले. २०१५ मध्ये त्यांच्याच कंपनीच्या गटाने, प्लाझ्माचा दाब चुंबकीय दाबाच्या बरोबरीला आला की कोपऱ्यांतून इलेक्ट्रॉन कमी गळतात, हे मोजून छापलं. निष्कर्ष चांगला आहे, पण तो एका अंगापुरता. आयनांचं काय होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते पॉलीवेल हा वीजघराचा आराखडा म्हणून आज उभा राहत नाही. सिम्युलेशनचा विषय म्हणून मात्र फार सुंदर आहे.

एफआरसी आणि वाहत्या प्लाझ्माचा झेड-पिंच हे दोन मार्ग मी गांभीर्याने घेतो. एफआरसी (फील्ड रिव्हर्स्ड कॉन्फिगरेशन) म्हणजे स्वतःच्याच प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र उलटवून टिकणारं प्लाझ्माचं कडं. त्यात क्षेत्राचा जवळपास पूर्ण उपयोग होतो. टीएई टेक्नॉलॉजीज ही १९९८ मध्ये निघालेली कंपनी बाजूने कणांचे झोत सोडून हे कडं सुमारे ३० मिलिसेकंद टिकवते. हेलिऑन ही दुसरी कंपनी अशी दोन कडी एकमेकांवर आदळवून दाबते आणि प्लाझ्मा फुगताना कॉइलमध्ये थेट वीज परत घेऊ पाहते. त्यांचं इंधन ड्युटेरियम-हेलियम-३. हेलियम-३ पृथ्वीवर जवळपास नाही, तो ड्युटेरियमपासूनच करावा लागेल, आणि त्यात न्यूट्रॉन येणारच. झॅप एनर्जीच्या यंत्रात बाहेरचं चुंबकच नाही. प्लाझ्मातून विद्युतप्रवाह जातो, त्याच्याच चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा आवळला जातो (झेड-पिंच तो हाच), आणि थरांचा वेग वेगवेगळा असल्यामुळे वाकण्याची अस्थिरता दबते. २०२४ मध्ये त्यांनी १ ते ३ केईव्ही इलेक्ट्रॉन तापमान मोजल्याचं छापून आलं.

पिंचच्या बाबतीत एक जुना धडा पोरांना जरूर सांगा. जानेवारी १९५८ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेलच्या झेटा यंत्रातून उष्णतेने फ्युजन झाल्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, पण ते काही वेगवान आयनांनी बाकीच्यांना धडकून आले होते. गरम प्लाझ्मातून ते आलेच नव्हते. झोताने आलेले न्यूट्रॉन दिशेप्रमाणे कमी-जास्त ऊर्जेचे असतात, म्हणून यंत्राच्या दोन दिशांना शोधक ठेवून तपासतात. न्यूट्रॉनचा नुसता आकडा कुणी सांगितला, तर हा प्रश्न विचारायचाच.

तुलनेसाठी मुख्य प्रवाह कुठे आहे तेही बघा. इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकने २०२३ मध्ये एका शॉटमध्ये ६९ मेगाज्यूल फ्युजन ऊर्जा दिली. आपलं चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र पूर्ण भाराने तेवढी ऊर्जा एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात देतं. अमेरिकेतल्या एनआयएफ या लेझरने इंधन दाबणाऱ्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल लेझर टाकून ३.१५ मेगाज्यूल काढले, पण तो लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल लागले. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या इटर या टोकामॅकचं ड्युटेरियम-ट्रिटियम काम नव्या वेळापत्रकाप्रमाणे २०३९ मध्ये आहे. टोकामॅकच अजून इथे आहे. पर्यायी मार्ग त्याच्याही मागे आहेत, काही दोन-तीन पायऱ्या तर काही दहा.

आता पैसा. जगात खाजगी पैसा भरपूर आला. २०२४ पर्यंत फ्युजन कंपन्यांनी मिळून ७०० कोटी डॉलरच्या वर उभे केल्याचं त्यांच्याच उद्योग संघटनेने मोजलं. पण तो मूठभर कंपन्यांत साचलेला आहे, आणि त्यातला मोठा वाटा कॉमनवेल्थ फ्युजन या टोकामॅकवाल्या कंपनीकडे आहे. पर्यायी मार्गांना टप्प्याटप्प्याने पैसा मिळतो. हेलिऑनला २०२१ मध्ये ५० कोटी डॉलर हातात आणि आणखी १७० कोटी ठरलेले टप्पे गाठल्यावर, असा करार झाला. कॅनडाच्या जनरल फ्युजनला २०२५ मध्ये पैशाअभावी माणसं कमी करावी लागली, यंत्र चालू असताना. सरकारी पैशांत मला सगळ्यात शहाणा वाटतो तो अमेरिकेचा २०१५ चा अल्फा कार्यक्रम: ३ कोटी डॉलर, नऊ गट, प्रत्येकाने तीन वर्षांत आपल्या कल्पनेचा सगळ्यात कच्चा दुवा तपासायचा. झेड-पिंचचं आजचं काम त्यातूनच वर आलं.

भारतात फ्युजनचा पैसा अणुऊर्जा विभागाकडून गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे जातो, आणि त्यातला मोठा भाग इटरमधल्या आपल्या वाट्याला आणि टोकामॅकना. इटरचं ३८५० टन वजनाचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला वेढणारं निर्वात भांडं, आपणच हजिऱ्याला बनवलं, हे विसरू नये. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधी ज्यांचं तंत्रज्ञान तयारीच्या मोजपट्टीवर (टीआरएल) चौथ्या पायरीवर किंवा त्यापुढे आहे त्यांच्यासाठी आहे. कागदावरच्या कल्पनेला तो मिळणार नाही, त्यामागे वेळ घालवू नका. तालुक्याच्या कॉलेजला शक्य वाट एकच दिसते: अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या 'पेअर'सारख्या योजना, ज्यात मोठी संस्था आणि भोवतालची विद्यापीठं मिळून अर्ज करतात. तिथे विद्यापीठामार्फत जावं लागतं. प्रस्तावात "फ्युजन ऊर्जा" असं मोठं नाव देण्यापेक्षा "अमुक भूमितीत इलेक्ट्रॉनांची गळती" असं नेमकं लिहिलं, तर वाचणारा पुढे वाचतो.

सिम्युलेशनची दुसरी पायरी म्हणजे एका कणाची वाट. पायथनमध्ये शंभरेक ओळींत होते. पॉलीवेलच्या सहा कॉइलचं क्षेत्र बायो-सावार्टच्या नियमाने काढा. प्रत्येक कॉइलची दिशा आतल्या बाजूला, म्हणजे केंद्रात क्षेत्र शून्य यायला हवं. ते शून्य आलं नाही तर एखाद्या कॉइलचं चिन्ह उलटं पडलंय. इलेक्ट्रॉन पावलापावलाने पुढे ढकलायला बोरिसची गणनपद्धत वापरा, साधी ऑयलरची नको. ऑयलरने इलेक्ट्रॉन फुकट ऊर्जा कमावतो आणि गळती खोटी दिसते. ०.१ टेस्लात इलेक्ट्रॉनची एक फेरी ०.३६ नॅनोसेकंदाची, म्हणून वेळेचं पाऊल ०.०३ नॅनोसेकंदाच्या आत. विद्युतक्षेत्र बंद ठेवून चालवा, वेग शेवटपर्यंत जसाच्या तसा राहिला पाहिजे. केंद्राजवळ क्षेत्र शून्याकडे जातं, तिथे इलेक्ट्रॉनचं चुंबकीय आघूर्ण टिकत नाही. त्यामुळे गिरक्या सोडून फक्त त्यांच्या केंद्राची वाट काढणारं, पुस्तकातलं मार्गदर्शक-केंद्राचं सोपं समीकरण इथे चालत नाही, पूर्ण वाट काढावीच लागते. हजार इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या दिशांनी सोडा, कोण किती वेळाने कुठल्या कोपऱ्यातून निसटला ते लिहा. एवढ्यावर एक चांगला प्रकल्प होतो. मात्र हे रिकाम्या क्षेत्रातलं चित्र आहे. प्लाझ्मा स्वतः क्षेत्र ढकलतो, ते यात येत नाही, आणि हे अहवालात लिहायला हवं.

तिसरी पायरी पीआयसी (पार्टिकल-इन-सेल), म्हणजे कण आणि चौकटी मिळून: जागेचे बारीक चौकोन पाडून त्यांवर क्षेत्र काढायचं आणि त्या क्षेत्रात कण हलवायचे. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण तीन बंधनं एकदम पाळावी लागतात. चौकट डीबाय लांबीपेक्षा, म्हणजे ज्या अंतरात प्लाझ्मा एखादा भार झाकून टाकतो त्यापेक्षा, मोठी नको. वेळेचं पाऊल प्लाझ्मा वारंवारतेच्या (इलेक्ट्रॉन आपसूक ज्या लयीत झुलतात तिच्या) व्यस्ताच्या पाचव्या भागाहून मोठं नको. आणि कोणताही कण एका पावलात एक चौकट ओलांडून जाता कामा नये. रिॲक्टरचा प्लाझ्मा, घनता १० चा २० वा घात आणि १० केईव्ही, घेतला तर डीबाय लांबी येते ७४ मायक्रॉन. एक मीटरच्या घनात दोन लाख कोटींहून जास्त चौकटी झाल्या. कॉलेजचाच काय, देशातला सगळ्यात मोठा संगणकही तो सरळ सोडवणार नाही. म्हणून मोठे गट आयन कण म्हणून आणि इलेक्ट्रॉन द्रव म्हणून धरतात.

फ्युजरचा प्लाझ्मा मात्र विरळ असतो. घनता १० चा १५ वा घात, इलेक्ट्रॉन १०० ईव्ही धरले तर डीबाय लांबी २.३ मिलिमीटर. भांडं १० सेंटिमीटर त्रिज्येचं आणि २० सेंटिमीटर उंच, चौकट २ मिलिमीटरची, अक्षाभोवती सममिती धरली तर फक्त ५००० चौकटी. चौकटीमागे १०० कण म्हणजे ५ लाख कण, मेमरी शंभर एमबीसुद्धा लागत नाही. प्लाझ्मा वारंवारतेप्रमाणे पाऊल ०.१ नॅनोसेकंद चालेल असं वाटतं, पण जाळी उणे २० किलोव्होल्टवर धरली तरी तिच्यावरून सुटलेला इलेक्ट्रॉन २० केईव्हीला पोचतो आणि तेवढ्यात ८ मिलिमीटर जातो, चार चौकटी पार. म्हणून पाऊल ०.०२ नॅनोसेकंद घ्या. १० मायक्रोसेकंदांना ५ लाख पावलं होतात. एका कोअरवर सेकंदाला एक कोटी कण हलतात असं धरलं तर सुमारे सात तास.

सात तास सलग लाइन राहील याची खात्री आपल्याकडे कुणी देऊ शकत नाही. म्हणून दर २० मिनिटांनी स्थिती डिस्कवर लिहा, आणि ती आलटून पालटून दोन फायलींत लिहा. एकाच फाइलवर लिहिताना मध्येच वीज गेली तर जुनीही जाते आणि नवीही. यादृच्छिक आकड्यांच्या जनित्राची स्थितीही त्यातच जतन करा, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर निकाल जुळत नाहीत. मे महिन्यात ४५ अंशांत लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो, तेव्हा रात्री कूलरसमोर चालवलेलं बरं.

खरा प्रश्न चालवायच्या आधी कोड तपासायला ओळखीचं उत्तर लावा. दोन समांतर पट्ट्या, अंतर १ सेंटिमीटर, १००० व्होल्ट, एका पट्टीवरून हवे तितके इलेक्ट्रॉन: चाइल्ड-लँगम्युरच्या सूत्राप्रमाणे चौरस मीटरला ७३८ अँपिअर यायला हवेत. पाच टक्क्यांत आलं की पुढे जा. निकाल बिघडतो तो बहुधा या कारणांनी: चौकट मोठी ठेवल्याने प्लाझ्मा आपोआप तापत जातो आणि पोरांना शोध लागल्यासारखं वाटतं, वेळ वाचवायला इलेक्ट्रॉन जड केला जातो आणि अहवालात ते लिहिलं जात नाही, जाळीवर आयन आदळून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन विसरले जातात, त्यामुळे प्रवाह प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो, आणि वायूशी टक्कर बंद ठेवली जाते, मग वर सांगितलेली ती ५ सेंटिमीटरची मर्यादाच गायब होते आणि फ्युजर स्वर्गातला वाटू लागतो. पॉलीवेलला अक्षाभोवतीची सममिती नाही, त्यामुळे हे दोन मितींचं मॉडेल तिथे लावू नका.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पीआयसीसाठी वॉर्पएक्स, एपॉक आणि स्मिले चांगली आहेत. अक्षाभोवती सममिती असलेल्या चुंबकाचं क्षेत्र काढायला एफईएमएम पुरतं. ज्यांना प्लाझ्मा अवघड जातो त्यांना ओपनएमसी द्या. त्यात न्यूट्रॉन भिंतीतून कसा जातो ते कळतं, आणि ते साध्या कॉम्प्युटरवर खरंच चालतं. प्रश्नही अस्सल आहे: १००० मेगावॅट फ्युजनला वर्षाला सुमारे ५६ किलो ट्रिटियम लागतं, ते लिथियमच्या आवरणातच तयार व्हावं लागतं, आणि नैसर्गिक लिथियमात उपयोगाचं लिथियम-६ फक्त ७.५ टक्के असतं. आवरणाची जाडी आणि लिथियम-६ चं प्रमाण बदलून एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे किती अणू होतात, हे पोरांनी काढावं. त्याच्या काटछेदांच्या फायली काही जीबीच्या आहेत. गावातल्या नेटवर त्या तुटत राहतात, जिल्ह्याच्या ठिकाणाहून एकदाच पेन ड्राइव्हवर आणून ठेवा.

प्रत्यक्ष फ्युजर बांधण्याचा उत्साह मात्र आवरायला हवा. ड्युटेरियम आणि जड पाणी आपल्याकडे अणुऊर्जेसंबंधीच्या कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहेत, असे विकत आणता येत नाहीत. २० किलोव्होल्टच्या पुढे काचेच्या खिडकीतून क्ष-किरण बाहेर येतात, त्याला परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरवर केलेला उच्चदाबाचा पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमधला भार जीव घेऊ शकतो. प्रयोगशाळेत काही दाखवायचंच असेल तर रोटरी पंप, आरगॉन आणि २ किलोव्होल्टच्या आतला तयार, प्रवाह मर्यादित करणारा पुरवठा घेऊन ग्लो डिस्चार्ज करा. दाब बदलत पाशेनचा वक्र, म्हणजे कोणत्या दाबाला किती व्होल्टवर वायू पेटतो तो आलेख, काढा, आणि त्याच भूमितीचं पीआयसी चालवून दोन्ही वक्र एका कागदावर मांडा.

पुढे याच वाटेने जायचं ठरवलं तर मुलांना जेस्ट या भौतिकशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशपरीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करू द्या. गांधीनगरच्या संस्थेत पीएच.डी.ला त्यातून जाता येतं. तिथे उन्हाळी प्रकल्पही असतो. अर्जासोबत वरची शीट, चाइल्ड-लँगम्युरची तपासणी आणि एक गळतीचा आलेख, एवढं जोडलेलं असलं तर मुलाखतीत बोलायला मुलाकडे स्वतःचं काही असतं.